विद्यापीठ आपल्या गावाला काय देते, काय घेते? सक्करदऱ्यापासून शिवारापर्यंतचा हिशेब

विद्यापीठ म्हटले की परीक्षा, पदव्या आणि मोठ्या इमारती डोळ्यांसमोर येतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र विद्यापीठ हा पाणी, रस्ता, वीज आणि बाजार समितीसारखाच एक स्रोत आहे. बियाण्याचे वाण, माती परीक्षण, जनावरांचे उपचार, भाजीपाल्याचे गिऱ्हाईक आणि मुलांचे शिक्षण या पाच वाटांनी ते आपल्या घराच्या जमाखर्चात येते. या वाटा ओळखल्या तर फायदा पदरात पडतो. नाही ओळखल्या तर गावातून फक्त फी आणि खोलीभाडे शहरात जाते आणि परत काहीच येत नाही.

या लेखात नागपूर शहरातील सक्करदरा परिसर आणि त्याला जोडलेला उमरेड रस्ता हे उदाहरण घेऊन विद्यापीठांचा परिसरावर होणारा आर्थिक व सामाजिक परिणाम समजावून घेऊ. शेवटी शेतकरी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी नेमके काय करावे, हेही दिले आहे.

नागपूर विभागातील विद्यापीठे : थोडक्यात ओळख

- राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ : स्थापना १९२३. २००५ मध्ये राष्ट्रसंतांचे नाव देण्यात आले. सध्या नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील महाविद्यालये याच्याशी संलग्न आहेत. चंद्रपूर व गडचिरोलीसाठी २०११ मध्ये वेगळे गोंडवाना विद्यापीठ झाले.
- डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला : स्थापना २० ऑक्टोबर १९६९. कार्यक्षेत्र विदर्भातील ११ जिल्हे. नागपूरचे कृषी महाविद्यालय याच विद्यापीठाचे असून ते १९०६ पासूनचे, म्हणजे विद्यापीठापेक्षा कितीतरी जुने आहे. महाराजबाग प्राणिसंग्रहालयही कृषी विद्यापीठाकडेच आहे.
- महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ : मुख्यालय नागपूर, स्थापना २०००. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून चालू आहे.
- महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ : मुख्यालय नाशिक. पण सक्करदऱ्यातील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि जवळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय याच्याशी संलग्न आहेत.

याशिवाय केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरातच आहेत. त्या विद्यापीठे नसल्या तरी शेतकऱ्याला त्यांचा उपयोग तसाच होतो. इतक्या संस्था एका शहरात असणे ही विदर्भातील शेतकऱ्याची मोठी सोय आहे. प्रश्न एवढाच, की आपण वर्षातून किती वेळा त्यांचे दार ठोठावतो?

कृषी विद्यापीठाची तीन कामे

अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. त्यानुसार राज्यांना सरकारी जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढण्यात आली. हाच नमुना समोर ठेवून भारतात १९६० मध्ये पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झाले. विदर्भाचे हवामान, काळी जमीन आणि कोरडवाहू कपाशी वेगळी असल्याने येथे स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जोर धरत होती. त्यासाठी आंदोलन झाले आणि पुढच्याच वर्षी अकोल्याचे विद्यापीठ उभे राहिले. देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे. विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

अशा विद्यापीठाची कामे तीन : शिक्षण, संशोधन आणि विस्तार. साध्या महाविद्यालयात शिकवून काम संपते. कृषी विद्यापीठाचे काम मात्र शोधलेली गोष्ट शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचली तरच पूर्ण होते. त्यामुळे माहिती मागायला जाताना संकोच करू नये. आपण उपकार मागत नाही, विद्यापीठाचे तिसरे काम त्याच्याकडून करून घेतो.

परिणाम १ : बियाणे, एका एकरातून गावभर

विद्यापीठाचा सर्वांत मोठा आर्थिक परिणाम बियाण्यातून होतो. विदर्भात पेरले जाणारे हरभऱ्याचे जाकी ९२१८ आणि पीडीकेव्ही कांचन, सोयाबीनचे पीडीकेव्ही यलो गोल्ड, सुवर्ण सोया व पीडीकेव्ही अंबा, तुरीचे पीकेव्ही तारा आणि देशी कपाशीचे एकेए ७ ही सर्व नावे अकोल्याच्या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. बियाणे महामंडळ महाबीजचे मुख्यालयही १९७६ पासून अकोल्यातच आहे.

सोयाबीन हे स्वपरागीभवन होणारे पीक आहे. त्याचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. एकदा चांगले बियाणे आणले की दोन ते तीन वर्षे घरचे वापरता येते. याचा हिशेब पाहू :

- एकरी सुमारे ३० किलो बियाणे लागते.
- समजा, तुम्ही एका एकरात पायाभूत बियाणे पेरले आणि चाळणी करून ५ क्विंटल चांगले बियाणे निघाले.
- पुढच्या हंगामात त्या ५०० किलोतून १६ एकर पेरणी होते.
- त्या १६ एकरांतूनही एकरी ५ क्विंटल बियाणे राखले, तर ८,००० किलो होते. म्हणजे तिसऱ्या वर्षी सुमारे २६५ एकर.

विद्यापीठाच्या दारातून एका शेतकऱ्याने आणलेली एक थैली तिसऱ्या वर्षी अख्ख्या गावाला पुरते. मधल्या काळात गावाचा बियाण्यावरचा जो पैसा वाचतो, तो विद्यापीठाने गावाला दिलेला खरा लाभांश आहे.

*बियाणे घेताना व राखताना :*

- थैलीवरील खूणचिठ्ठीचा रंग पाहावा. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत बियाण्याला हिरवट खूणचिठ्ठी असते. बियाणे वाढवायचे असेल तर पायाभूत किंवा प्रमाणितच घ्यावे.
- मळणी करताना मळणीयंत्राचे फेरे कमी ठेवावेत. सोयाबीनचे बाह्य आवरण पातळ असते, त्याला मार लागला की उगवण घटते.
- पोत्यांची थप्पी उंच लावू नये. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत.
- पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून ६ ते ७ दिवसांनी मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. उगवण थोडी कमी असेल तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, फारच कमी असेल तर ते पेरू नये.

संकरित कपाशीच्या बाबतीत असे करू नये. संकरित वाणाचे बियाणे घरी राखले तर पुढच्या पिढीत झाडे एकसारखी राहत नाहीत.

परिणाम २ : अवजारे आणि प्रक्रिया

विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भातील अनेक गावांत आणि महिला बचत गटांकडे दिसते. तूर, हरभरा, मूग, उडीद यांची डाळ गावातच करता यावी यासाठी ती तयार झाली. तूर विकून डाळ विकत आणणे हा विदर्भातल्या घराघरांतला जुना तोटा आहे. पण गिरणी घेण्याआधी हिशेब मांडावा. उदाहरणादाखल :

- १०० किलो तूर, दर किलोला ७० रुपये धरल्यास : ७,००० रुपये
- वीज, मजुरी, तेल, पॅकिंग : समजा ८०० रुपये
- एकूण : ७,८०० रुपये
- २५ किलो चुनी व कोंड्याचे, २० रुपये दराने : ५०० रुपये वजा
- उरले ७,३०० रुपये. डाळ ७० किलो निघाली, तर एक किलो डाळ सुमारे १०४ रुपयांना पडते.

म्हणजे या दरांना डाळ किलोला १०४ रुपयांपेक्षा जास्त भावाने विकली गेली तरच नफा. आकडे तुमच्या बाजारातील दरांप्रमाणे बदला, पण रीत हीच ठेवा. यंत्राचा घसारा आणि कर्जाचा हप्ता यात धरलेला नाही, तो वेगळा मांडावा. गिरणी वर्षातून दोनच महिने चालणार असेल तर हप्ता निघत नाही. आजूबाजूच्या गावांची डाळ मजुरीने करून देण्याची तयारी असेल, तरच एकट्याने गुंतवणूक करावी. नाही तर गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत करावी.

परिणाम ३ : विद्यार्थी म्हणजे रोजचे गिऱ्हाईक

सक्करदरा चौकातून उमरेड रस्ता दिघोरी, पाचगाव, उमरेड, भिवापूरकडे जातो. या पट्ट्यातील आणि कुही तालुक्यातील अनेक मुले-मुली शिकायला याच बाजूने शहरात येतात. सक्करदऱ्यात कमला नेहरू महाविद्यालय आहे, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, मेडिकल चौकही दूर नाही. विद्यार्थी आले की खोल्या भाड्याने जातात. खानावळी, झेरॉक्सची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि सायकल-दुचाकी दुरुस्तीची कामे वाढतात. परिसरातील कितीतरी घरांची चूल या उलाढालीवर पेटते.

या पैशातील काही भाग गावाकडे वळवता येतो. एका ४० जणांच्या खानावळीचा हिशेब पाहा :

- माणशी पाव किलो भाजी धरली तर रोज १० किलो.
- माणशी २०० मिली दूध-दही धरले तर रोज ८ लिटर.
- वर्षातील ३०० दिवसांत ३० क्विंटल भाजी आणि २,४०० लिटर दूध.

अशा तीन-चार खानावळी आणि एखादे वसतिगृह बांधून घेतले, तर दोन-तीन शेतकऱ्यांच्या गटाला वर्षभराचे ठरलेले गिऱ्हाईक मिळते. बाजारातला सर्वांत चढा भाव यात मिळणार नाही. पण भाजी फेकून देण्याची वेळही येत नाही आणि आडत लागत नाही. जास्तीचा माल सक्करदऱ्याच्या बुधवारी बाजारात नेता येतो.

*मात्र शिक्षणाचे वेळापत्रक आणि पिकाचे वेळापत्रक जुळवावे लागते :*

- जुलै ते ऑक्टोबर : महाविद्यालये भरलेली असतात. भेंडी, गवार, चवळी, दोडका यांची लागवड जूनमध्ये करावी. पालेभाज्या पावसात सडतात, म्हणून त्या गादीवाफ्यावर व निचऱ्याच्या जमिनीतच घ्याव्यात.
- दिवाळीची सुटी : १५ ते २० दिवस मागणी एकदम घटते. या काळात तोडणीला येईल अशी पालेभाजी पेरू नये.
- नोव्हेंबर ते एप्रिल : मागणीचा मुख्य काळ. मेथी, पालक, सांभार साधारण ३० ते ४० दिवसांत निघतात, म्हणून दर १० ते १२ दिवसांनी छोट्या वाफ्यांत टप्प्याटप्प्याने पेरणी करावी. वांगी, टोमॅटो, फुलकोबी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावावीत.
- मे-जून : खोल्या रिकाम्या असतात. खानावळीवर अवलंबून राहू नये. माल बाजारात किंवा लग्नसराईच्या कंत्राटदारांना द्यावा.

व्यवहार आठवड्याच्या रोखीवर ठेवावा. खानावळीची उधारी एका महिन्याच्या पुढे जाऊ देऊ नये, कारण परीक्षा संपली की विद्यार्थी जातात आणि वसुली अडकते.

आयुर्वेद महाविद्यालय जवळ आहे म्हणून औषधी वनस्पती लावाव्यात का, असा प्रश्न नेहमी येतो. महाविद्यालय जवळ असणे म्हणजे बाजारपेठ जवळ असणे नव्हे. सफेद मुसळीच्या लाटेत अनेकांचे हात पोळले आहेत. खरेदीदार कोण, कोणता भाग विकत घेणार, सुका की ओला, आणि दर काय, हे लेखी ठरल्याशिवाय एक गुंठाही लावू नये. ओळख करून घ्यायची असेल तर अकोल्याला कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, ते पाहून यावे.

परिणाम ४ : जनावरे, फळबाग आणि परीक्षण

- पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर : गुंतागुंतीचे बाळंतपण, शस्त्रक्रिया, वारंवार उलटणारी गाय-म्हैस अशा तक्रारींसाठी तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येथे जावे. जनावराचे वय, वेत आणि आधी दिलेली औषधे लिहून न्यावीत.
- संत्रा बागायतदार : रोपे घेताना खुंट कोणता ते विचारावे. भारी व ओल धरणाऱ्या जमिनीत डिंक्या व मूळकूज टाळण्यासाठी जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट बरा. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडाला एक मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावा. प्रमाण : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.
- माती परीक्षण : वावराच्या एकसारख्या भागातून नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे २० सेंमी खोल खड्डे घ्यावेत. कडेची माती एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो नमुना उरवावा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा टाळावी. फळबागेसाठी ९० सेंमीपर्यंत थरानुसार वेगवेगळे नमुने घ्यावेत.

परिणाम ५ : गावातील बदल

विद्यापीठाचा सामाजिक परिणाम क्विंटलमध्ये मोजता येत नाही, पण तो घरोघरी दिसतो. गावातली पहिली मुलगी पदवीला गेली की पुढच्या घरांची मुलगी पाठवण्याची भीती कमी होते. लग्नाचे वय पुढे सरकते. सातबारा, बँकेचे कागद आणि पीकविम्याचा अर्ज वाचणारे माणूस घरातच तयार होते. मुलींची वाट बहुधा बससेवेपाशी अडते. सकाळची पहिली आणि संध्याकाळची शेवटची बस वेळेवर नसेल, तर शिकण्याची इच्छा असूनही मुलगी बारावीनंतर थांबते. ग्रामसभेत बसच्या वेळेचा ठराव घेणे हेही शिक्षणाचेच काम आहे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात गावात राहायला येतात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. बऱ्याच गावांत त्यांचा उपयोग रांगोळीचा नकाशा, एक-दोन प्रात्यक्षिके आणि निरोपाचा फोटो एवढाच होतो. त्यांच्याकडून पुढील कामे मागून घ्यावीत :

- गावातील किमान २५ शेतांचे मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पोहोचवणे व अहवाल समजावून सांगणे
- घरच्या बियाण्याची उगवण चाचणी आणि बीजप्रक्रिया
- कपाशीत कामगंध सापळे लावून आठवड्याची नोंद ठेवणे
- तुमच्या अडचणी लिहून घेऊन विषयतज्ज्ञांकडून लेखी उत्तर आणणे

ही मुले परत गेल्यावरही त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा संपर्क गावात राहिला पाहिजे.

खर्चाची बाजू : पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात

विद्यापीठाचा परिणाम नेहमी चांगलाच असतो असे नाही. शेतकरी कुटुंबाची सर्वांत मोठी कोंडी जून-जुलैमध्ये होते. बियाणे, खत आणि डवरणीचा खर्च त्याच वेळी, आणि मुलाची फी व खोलीची अनामत रक्कमही त्याच वेळी. समजा, फी, खोली, जेवण आणि प्रवास धरून एका मुलाचा वर्षाचा खर्च ६० हजार रुपये आला आणि कोरडवाहू एकरातून निव्वळ १५ हजार रुपये सुटले, तर चार एकरांचे वर्ष एका मुलाच्या शिक्षणाला जाते. म्हणूनच हा खर्च पिकाच्या खर्चासारखा आधी नियोजनात धरावा.

- पीककर्ज फीसाठी वापरू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभ मिळतो. फीत पैसा गेला की पीक उपाशी राहते, कर्ज थकते आणि सवलतही जाते.
- कपाशी, तूर, हरभऱ्याचे पैसे जानेवारी ते मार्चमध्ये येतात. त्यातूनच फीचा भाग वेगळ्या खात्यात ठेवावा.
- अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा. अल्पभूधारक असल्याचा दाखला तलाठी व तहसील कार्यालयातून मे महिन्यातच काढून ठेवावा.
- अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास जेवण व निवासासाठी मदत मिळते.
- वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत २०२४-२५ पासून लागू झाली आहे. प्रवेश अर्जातच याची नोंद करावी.

दुसरा तोटा माणसांचा. शिकलेला मुलगा परतत नाही आणि शेती वयस्कर हातांत राहते. मुलाला बळजबरीने गावात ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. गावात शिकलेल्या हाताला काम दिसले पाहिजे. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून ॲग्री क्लिनिक व ॲग्री बिझनेस सेंटर योजना आहे. प्रशिक्षण घेऊन बँक कर्जातून माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे असे व्यवसाय काढता येतात. कर्जावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदानाची तरतूद आहे.

ज्ञान शेतातूनही विद्यापीठात जाते : एचएमटी भाताचा धडा

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास आपल्या धानाच्या बांधीत पटेल ३ वाणात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षामागून वर्षे निवड केली आणि बारीक, चवदार तांदळाचा वाण तयार झाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी नाव पडले. हा वाण विदर्भाबाहेरही पसरला. पुढे १९९० च्या दशकात कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून तो पीकेव्ही एचएमटी या नावाने प्रसारित केला. आपल्याला योग्य श्रेय आणि मोबदला मिळाला नाही, अशी दादाजींची तक्रार राहिली. जून २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

शुद्ध बियाणे मोठ्या क्षेत्रावर पोहोचवायला विद्यापीठाची यंत्रणा उपयोगी पडते, हे खरे. पण निवड ज्याच्या बांधीत झाली त्याचे नाव आणि वाटा टिकला पाहिजे, हेही तितकेच खरे. यासाठी पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ आहे. त्यातील लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

- शेतकरी स्वतः विकसित केलेला किंवा पारंपरिक वाण आपल्या नावे नोंदवू शकतो.
- संरक्षित वाणाचेही बियाणे शेतकरी राखू, पेरू, देवाणघेवाण करू आणि विकू शकतो. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.
- वेगळे झाड किंवा लोंबी दिसली तर तारीख, शेत गट क्रमांक, मूळ वाण आणि छायाचित्र यांची नोंद ठेवावी.
- संशोधन केंद्राला नमुना देताना दोन ओळींचे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. किती बियाणे, कोणत्या कामासाठी दिले, ते त्यात असावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- गावनिहाय एक वही ठेवावी : कोणता वाण कोणी, कोठून, केव्हा आणला आणि पुढे किती जणांना दिला. वाणाचा प्रसार याच वहीतून कळतो.
- शिवार फेरीला नेताना दरवर्षी तेच प्रगतिशील शेतकरी नेऊ नयेत. अर्ध्या जागा पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी आणि महिलांसाठी ठेवाव्यात.
- शिफारस सांगताना एकरी जादा खर्च आणि कमीत कमी किती जादा उत्पादन आले तर तो निघतो, हे दोन्ही सांगावे.
- मे महिन्याच्या खरीपपूर्व सभेत बियाण्याबरोबरच शिष्यवृत्तीचे दाखले हा विषय घ्यावा. त्या दिवशी घरातले सगळे एकत्र असतात.
- शेतकऱ्याने शिफारस न स्वीकारल्यास त्याचे कारण लिहून विद्यापीठाला कळवावे. पुढच्या संशोधनाचा विषय तिथूनच निघतो.

वर्षभरात काय करावे : आठवणीसाठी

- जानेवारी-मार्च : पीक विक्रीतून फीची रक्कम वेगळी काढणे, बियाणे राखलेल्या पोत्यांची तपासणी
- एप्रिल-मे : माती नमुने देणे, उगवण चाचणी, शिष्यवृत्तीचे दाखले
- जून-जुलै : थोड्या क्षेत्रावर नवीन वाणाची पेरणी, खानावळींशी भाजी-दुधाचे बोलणे
- ऑगस्ट-ऑक्टोबर : शिवार फेरी, कृषिदूतांकडून कामे करून घेणे, बियाण्याच्या प्लॉटमधील वेगळी झाडे उपटणे
- नोव्हेंबर-डिसेंबर : रब्बी बियाणे, भाज्यांचे टप्पे, २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या जयंतीच्या सुमारास अकोल्यात कृषी प्रदर्शन असल्यास भेट

नवीन वाण किंवा यंत्र पहिल्या वर्षी सगळ्या वावरात आणू नये. एका एकरात किंवा एका गटात पाहावे, शेजारच्या जुन्या वाणाशी तोलून घ्यावे आणि मगच वाढवावे. पुढच्या वेळी मुलाला भेटायला सक्करदऱ्याला जाल, तेव्हा एक दिवस जादा काढा. सोबत मातीचा नमुना आणि अडचणींची यादी घ्या, आणि कृषी महाविद्यालयातही जाऊन या.